मोकळी सोडलेली रेघ

रोह्याच्या ज्या कारखान्यात मी काम करतो, त्याच्या गेटवर टाइम ऑफिस म्हणून एक खोली आहे. एक खिडकी, तिला गज, आणि गजांखालच्या फटीतून पास द्यायचा-घ्यायचा. त्या खिडकीमागे एकोणीस वर्षं एक बाई बसायची. मी तिला मावशी म्हणतो. ती माझी कोणी लागत नाही. माझं गाव मराठवाड्याच्या पार त्या टोकाला. तिथून इथं यायला एक रात्र आणि वर अर्धा दिवस लागतो. इतक्या लांबून आलेल्या माझं नाव या मुलखात पहिल्यांदा कोणी लिहून घेतलं असेल, तर ते तिनं.

मी ज्या वर्षाचं सांगतोय त्या वर्षी मावशी कायम होणार होती. एकोणीस वर्षं ठेकेदाराच्या मस्टरवर काढल्यावर कंपनीच्या यादीत तिचं नाव चढलं होतं. फक्त वरची सही यायची राहिली होती. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं कॉम्प्युटरचं बरंच येणार आहे आणि त्यात ही गोष्ट मागं पडायला नको. माझ्याकडून ती एकदा मागं पडली आहे.

मी आलो तो गोणी उतरवायला. आमच्याकडचा एक मुकादम आठ जणांना घेऊन आला होता, त्यातला मी शेवटचा. खिडकीशी उभा राहिलो तर आतून आवाज आला, "नाव बोल." मी बोललो. "गाव?" बोललो. "ह्यो कुठला जिल्हा म्हनायचा? लई लांबचा घाटी दिसतोय." आजूबाजूला उभी असलेली माणसं हसली. मग तिनं विचारलं, "शिक्षण काय लिवू?"

"नववी."

"पास?"

"नाही. मधीच सोडली."

तिनं पेन थांबवलं, माझ्याकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मंग रिकामं ठेवते. रिकाम्याला कुनी इचारत नाय."

तो रकाना अजून रिकामा आहे. आई गेली, घरात मागं दोन बहिणी, म्हणून शाळा सुटली, एवढीच त्यामागची गोष्ट. पण मला आजही कोणी मोठ्या साहेबानं बोलावलं की पहिली शंका येते ती हीच, की कोणीतरी तो कागद काढून पाहिला असणार.

राहायला जागा तिनंच दिली. पेणला रामवाडीत तिचं घर, त्यावर पत्र्याची एक खोली. तिचं माहेर खाडीकडचं. बाप आयुष्यभर मिठागरात मीठ गोळा करायची फळी ओढत होता. माझ्या तळहाताचे फोड पाहून ती म्हणाली होती, "ह्ये काय न्हाय रं. आमच्या बाबाच्या पायाला बघायला पायजे व्हतंस." रोज पहाटे आम्ही दोघं एकाच बसनं निघायचो. वडखळ, गडब, नागोठणं, आणि मग रोहा. रस्ता खोदलेला असायचा. तो कधी नीट झालेला मी पाहिलेला नाही. गडबला बस थांबली की ती खिडकीतून बाहेर बघत म्हणायची, "आज भात कापायला घेतला," किंवा "वाल पेरला वाटतं." मी मान हलवायचो. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण कोणीतरी आपल्याशी बोलतंय हेच पुष्कळ होतं.

कॉम्प्युटर मला मिळाला तो तिच्यामुळेच. गेटवर पास काढायचा प्रोग्रॅम बसवायला बाहेरचा एक इंजिनियर आला होता. जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला, ब्राउझरमध्ये उघडणारा प्रोग्रॅम. मावशीला माऊस धरता येईना. मी गोणी टाकून तिच्या शेजारी उभा राहिलो आणि तिच्या हातावर हात ठेवून माऊस फिरवला. तिनं त्या इंजिनियरला सांगितलं, "ह्याला दाखवा, ह्याला येतंय." मला काहीच येत नव्हतं. पण तिनं सांगितल्यावर यायला लागलं. रविवारी पेणला क्लास, जेवणाच्या सुट्टीत त्या इंजिनियरच्या मागं उभं राहून बघणं, आणि डिक्शनरी घेऊन एकेक इंग्रजी ओळ लावणं. पुढं ती बाहेरची कंपनी बंद झाली, इंजिनियर गेला, आणि प्रोग्रॅम माझ्याकडं राहिला. गोणी सुटल्या. मी आत, एसीच्या खोलीत, साहेबांच्या हाताखाली बसू लागलो.

आता त्या रेघेचं सांगतो.

टाइम ऑफिसात दोन माणसं. सकाळच्या शिफ्टला मावशी, सात ते तीन. तीनला तिच्या जागी यायचे ते निडीचे दादा. निडी म्हणजे रोह्याच्या अलीकडचं स्टेशन. एका स्टेशनाचा तर प्रवास, पण ती गाडी कधी कुठं थांबेल सांगता येत नाही. सिग्नलवर उभी राहिली की राहिली. दादांची शेती होती, घरात म्हातारे आईवडील, आणि तीन वाजून एक मिनिट झालं की अर्धा दिवस कापायचा असा ठेकेदाराचा नियम. म्हणून गेटवर एक रीत पडली होती. दादांना उशीर झाला की मावशी मस्टरवर त्यांच्यासाठी एक रेघ मोकळी सोडायची, आपली सही त्याखाली करायची आणि बस पकडायची. दादा आले की त्या मोकळ्या रेघेत आपल्या हातानं नाव लिहायचे. एखाद्या दिवशी मावशीची बस चुकून ती सकाळी उशिरा आली, तर रात्री खिडकीत बसणारा पहारेकरी तिच्यासाठी रेघ सोडायचा. याला कोणी खोटं म्हणत नव्हतं. फोनवर एवढंच बोलणं: "गाडी अजून लागली नाय गो, रेघ सोड." "सोडलीय. ये निवांत."

मग वरून हुकूम आला. कंपनीच्या सगळ्या शाखांतल्या सगळ्या माणसांची एकच डिरेक्टरी झाली होती. मुख्य ऑफिसच्या सर्व्हरवर एक मोठी वही आहे आणि तिच्यात प्रत्येकाचं नाव, खातं, पासवर्ड आहे, असं समजा. आतापर्यंत आमच्या गेटच्या प्रोग्रॅमला एकच लॉगिन होतं, सगळ्यांचं मिळून. पासवर्ड कॅलेंडरच्या मागं लिहिलेला. साहेब म्हणाले, "हे बंद. आता प्रत्येकानं आपल्या नावानं आत जायचं, आणि तो खरा की खोटा हे आपण ठरवायचं नाही, डिरेक्टरीला विचारायचं. गेटवरचं मस्टरही बंद. ज्या मिनिटाला लॉगिन, त्या मिनिटाला हजेरी. करशील ना?"

करतो म्हणालो. नाही म्हणायची माझी कधी छाती झालेली नाही.

तीन आठवडे गेले. डिरेक्टरी म्हणजे झाडासारखी असते: वर कंपनी, खाली शाखा, शाखेखाली खातं, खात्याखाली माणूस. पण माणसाचा पत्ता तिला द्यायचा तो उलटा, आधी माणूस, मग खातं, मग शाखा, मग कंपनी. हे मी सरळ क्रमानं लिहीत होतो आणि ती प्रत्येक वेळी असा माणूस नाही म्हणत होती. चार दिवस त्यात गेले. एका दुपारी बहिणीला राखीचं उत्तर पाठवायला पाकीट लिहीत होतो, आधी तिचं नाव, मग मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, आणि तिथंच डोक्यात उजेड पडला. पाकीट तसंच टाकून मशीनकडं धावलो. झालं. डिरेक्टरीनं मावशीचं नाव शोधून दिलं. यादीत चढल्यामुळं ती तिथं आधीच होती, पूर्ण नावानिशी, वडिलांच्या नावासकट. मला उगाच भरून आलं.

दादांचंही नाव साहेबांनी तिच्यात घालून घेतलं, आणि पुढचं काम दिसायला सोपं होतं. माणूस नाव आणि पासवर्ड टाकतो. प्रोग्रॅम ते दोन्ही घेऊन डिरेक्टरीच्या दारात जातो. डिरेक्टरी हो म्हणाली तर आत घ्यायचं, नाही म्हणाली तर बाहेर ठेवायचं. मी बरोबर पासवर्ड टाकून पाहिला, उघडलं. चुकीचा टाकला, नाही उघडलं. नसलेलं नाव टाकलं, नाही उघडलं. साहेबांना दाखवलं. त्यांनी पाठीवर थाप मारली आणि चहा मागवला. डिरेक्टरीच्या माहितीपत्रकात एक लांब इंग्रजी वाक्य होतं, रिकाम्या पासवर्डाबद्दल. ते मी वाचलं होतं. दोनदा वाचलं. अर्थ लागला नाही, विचारायची लाज वाटली, आणि बाकी सगळं चालतंय म्हणून पुढं गेलो.

त्या वाक्याचा अर्थ आता मला पाठ आहे. कोणी नाव सांगितलं आणि पासवर्ड काहीच दिला नाही, तर ती डिरेक्टरी त्याला अनोळखी पाहुणा समजते, आणि अंगणात उभं राहायला ना नाही असं म्हणून ठीक म्हणते. ते ठीक म्हणजे हा तोच माणूस आहे असं नव्हे. पण माझ्या प्रोग्रॅमला दोन्ही ठीक सारखेच. म्हणजे कोणाचंही नाव टाका, पासवर्डाची जागा रिकामी सोडा, दार उघडतं. हे मी करून पाहिलं नव्हतं. जागा रिकामी कोण सोडेल, असं मला वाटलं. रेघा मोकळ्या सोडणाऱ्या माणसांत राहून मला असं वाटलं.

नवीन पद्धत सुरू होऊन महिना झाला असेल. बसमध्ये मावशी म्हणाली, "आमची रेघ ठेवलीस तेवढं बेस केलंस."

मला काही कळलं नाही. पण ती खूश होती. मी हसलो आणि म्हणालो, "तुझ्यासाठीच सगळं, मावशी."

दादाही एकदा खिडकीतून हात बाहेर काढून माझा दंड दाबत म्हणाले, "घाटी असून आमची जाण ठेवलीस रं." तेव्हाही मी विचारलं नाही. कोणी कौतुक केलं की ते कशाचं हे विचारायची मला भीती वाटते. विचारलं तर परत घेतील असं वाटतं.

तो दिवस गुरुवार होता. तीन वाजून वीस मिनिटांनी भोंगा झाला. आधी वाटलं सराव आहे. मग डोळ्यांना झोंबायला लागलं. मागच्या बाजूच्या प्लांटमधला एक पाइप गळाला होता. फार मोठं नव्हतं, पण वास पिवळा असतो हे मला त्या दिवशी कळलं. सगळे पटांगणात गोळा झाले. अशा वेळी आत किती माणसं आहेत त्याची यादी माझ्या प्रोग्रॅममधून निघते. साहेबांनी ती छापून घेतली आणि एकेक नाव वाचून माणूस बाजूला काढायला लागले. शेवटी एक नाव उरलं. निडीचे दादा. हजेरी दोन वाजून अठ्ठावन्न.

दुपारच्या शिफ्टचा माणूस आला की आधी मागच्या गेटवर जाऊन टँकरचे पास घेऊन येतो, हे सगळ्यांना ठाऊक. मागच्या गेटची वाट त्याच प्लांटला लागून जाते. गेटवरचा पहारेकरीही तीनला बदललेला, तो म्हणाला, "मी आलो तेव्हा खिडकीत कुणी नव्हतं. मागं गेले असतील." मावशी तोवर बसमध्ये बसून नागोठण्याच्या वाटेला लागली होती. दादांचा फोन लागत नव्हता.

सेफ्टीचे दोन जण मुखवटे चढवून आत गेले. त्यातला एक धाटावाच्या बाजूचा शेतकरी माणूस, थंडीत आम्हा सगळ्यांना वालाच्या शेंगा आणून देणारा. आम्ही बाहेर उभे. दादांच्या नावानं हाका मारणाऱ्या सेफ्टीवाल्याचा आवाज मुखवट्यातून घुमत येत होता. मग लोखंडी जिन्यावर काहीतरी मोठं आदळल्याचा आवाज आला, आणि हाका थांबल्या.

शेंगा आणणाऱ्याला दुसऱ्यानं पाठीवर घालून आणलं. मुखवट्याच्या काचेतून पायरी दिसली नव्हती. पाय गुडघ्याखाली नको तिकडं वळला होता. त्याला गाडीत घालत असतानाच गेटसमोर सहा आसनी रिक्षा थांबली आणि तिच्यातून डबा हातात घेऊन निडीचे दादा उतरले.

"काय झालं वो?" ते म्हणाले. "एवढी मानसं का उभी?"

सगळे त्यांच्याकडं बघत होते. मी यादीकडं बघत होतो.

चौकशी लागली. लॉगिन दादांच्या नावानं, डिरेक्टरीनं ठीक म्हटलेलं. म्हणजे पासवर्ड बरोबर पडला, म्हणजे दादांनी तो कोणाला तरी सांगितला. असं साहेबांनी लिहिलं. लिहिलं ते त्यांच्या परीनं बरोबर होतं. दादा शपथेवर सांगत होते, "मी पासवर्ड कुनाला दिला नाय." आणि मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी आली ती सरळ ऑफिसात गेली आणि म्हणाली, "मी लावली त्यांची हजेरी. पासवर्ड कशाला लागतोय? रिकामा सोडायचा."

साहेब हसले. "डिरेक्टरी रिकाम्यानं उघडत नाही, बाई."

मी शेजारच्या टेबलावर होतो. साहेब जेवायला गेल्यावर मी दादांचं नाव टाकलं, पासवर्डाची जागा रिकामी ठेवली आणि एंटर दाबलं.

उघडलं.

पुन्हा केलं. माझ्या साहेबांच्या नावानं केलं. उघडलं. मावशीच्या नावानं केलं. उघडलं. आणि मग तिचं बसमधलं बोलणं आठवलं, रेघ ठेवलीस ते बेस केलंस. सवयीनं एकदा जागा मोकळी सोडली असेल, दार उघडलं असेल, आणि त्यांना वाटलं होतं, मी त्यांच्यासाठी मुद्दाम जागा ठेवली.

मी काय केलं ते सांगायला मला इतकी पानं लागली. मी कोणाला बोललो नाही. मी तीन ओळी लिहिल्या: पासवर्ड रिकामा असेल तर डिरेक्टरीकडं जाऊच नको, इथूनच परत पाठव. त्या ओळी चालू मशीनवर चढवल्या. मला वाटत होतं, मी दार लावतोय, चांगलंच काम करतोय, दुसरं कोणी शिरायला नको. ते खरंही होतं. पण दार लावलं की ते उघडं होतं हे कोणाला कळणार नाही, हेही मला त्याच वेळी ठाऊक होतं. रिकाम्या रकान्याचा माणूस मी. चूक माझी निघाली तर पुढचा प्रश्न शिक्षण काय हाच होता.

सोमवारी मावशीला बोलावलं. चौकशीला तिघे बसले होते, त्यांत माझे साहेब. मला कॉम्प्युटर लावून द्यायला बोलावलेलं. लावून दिला आणि दाराशी उभा राहिलो. दादा बाहेर बाकावर. त्या तिघांतले वयानं मोठे म्हणाले, "रिकामा सोडला की उघडतं म्हणता ना? दाखवा."

मावशी खुर्चीत बसली. चष्मा पुसला. एका बोटानं, सावकाश, दादांचं नाव टाकलं. पासवर्डाची जागा सोडली. ती सोडताना तिनं बोट जरा वर धरलं, मस्टरवर रेघ सोडताना धरायची तसंच. मग एंटर.

पडद्यावर लाल अक्षरं आली. पासवर्ड लिहा.

तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा करायला गेली तेव्हा मोठे साहेब म्हणाले, "पुरे, बाई."

"उघडत व्हता, साहेब," ती म्हणाली. "महिनाभर उघडत व्हता."

मग तिनं वळून माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. गडबला बस थांबल्यावर शेताकडं बघायची तसं, काय पेरलंय ते बघावं तसं. मी खाली बघितलं. लादीवर चहाचा एक वाळलेला डाग होता, तो अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे.

"आम्हाला खोटं ऐकायची सवय आहे," मोठे साहेब कागद उलटत म्हणाले, "पण निदान जमेल असं तरी सांगावं."

ती उठली, पदर सारखा केला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. आदली रात्र कशी गेली ते सोडून देतो. जुनी फाइल माझ्याकडं होती, ती दुसऱ्या मशीनवर चढवून त्यांना दाखवलं: नाव, रिकामी जागा, एंटर. उघडलं. त्यांनी स्वतः करून पाहिलं. तीनदा. मग खुर्चीत मागं टेकले.

"बंद कधी केलंस?"

"शुक्रवारी दुपारी."

"म्हणजे काल ती करत होती तेव्हा तुला ठाऊक होतं."

"हो साहेब."

"काल का नाही बोललास?"

त्यांनी ओरडायला हवं होतं. त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि नवा रिपोर्ट लिहायला बसले. मध्येच विचारलं, "तुझं शिक्षण काय रे? इथं लिहावं लागतं, प्रोग्रॅम करणाऱ्याचं."

"नववी. तीही पुरी नाही."

पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग "असू दे" म्हणाले आणि पुढच्या ओळीवर गेले. तो रकाना त्यांनीही भरला नाही.

त्या रिपोर्टानं दादा सुटले. त्यांनी पासवर्ड दिला नव्हता हे सिद्ध झालं. समज देऊन त्यांना कामावर घेतलं. मावशी सुटली नाही. दार उघडं होतं हे कंपनीनं मान्य केलं, पण आत नसलेल्या माणसाची हजेरी तिनंच लावली होती, आणि त्यापायी एकाचा पाय मोडला होता. तिच्या कायमच्या कागदावर सही झाली नाही, आणि महिन्याअखेरीस ठेकेदारानं तिला येऊ नको म्हणून सांगितलं. मी साहेबांना विचारलं, मी शुक्रवारीच बोललो असतो तर? ते म्हणाले, "सोमवारी त्यांनी तिला खोटारडी ठरवलं ना, ते मनातून जात नाही लोकांच्या. पण मला नाही माहीत. तेव्हाही गेली असती कदाचित." हे कदाचित मी तेव्हापासून रोज घेऊन फिरतो.

ती शेवटच्या दिवशी गेटवरून निघाली तेव्हा मी बसमध्ये तिच्या शेजारी बसलो. निडीचं फाटक गेलं, नागोठणं गेलं. गडब आल्यावर मी म्हणालो, "मावशी, तू साहेबांपुढं करून दाखवलंस, त्याच्या आधी मीच बंद केलं होतं."

"माहीत हाय."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? तू दाराशी उभा व्हतास. तुझं त्वांड बघितलं मी."

"मग तिथंच बोलली का नाहीस? ह्यानंच केलंय म्हणून?"

बस हलली, खड्ड्यात गेली, वर आली.

"बोलले असते तर तुझा कागद काढला असता त्यांनी," ती म्हणाली. "त्यावर अक्षर माझं हाय."

वडखळ दिसायला लागल्यावर तिनं विचारलं, "आता रिकामा सोडला तर उघडत नाय ना? कुनाचाच?"

"नाही. कुणाचाच नाही."

"बरं केलंस," ती म्हणाली. "तो शेंगावाला उगा गेला रं आत."

मी अजून रामवाडीतच राहतो, त्याच पत्र्याच्या खोलीत. दोनदा जागा सोडतो म्हणालो, ती म्हणाली, "कुठं जाशील? तिकडं तुला वळखतं कोन?" ती आता घरीच पोह्याचे पापड लाटते, एका दुकानासाठी. पहाटे मी जिना उतरतो तेव्हा तिच्या पोळपाटाचा आवाज सुरू झालेला असतो. मी पाय न वाजवता उतरतो. तरी आतून आवाज येतोच, "डबा घेतलास?" घेतला म्हणतो. बसमध्ये शेजारची जागा मोकळी असली तर मी तिच्यावर पिशवी ठेवतो.

सेफ्टीवाला चालतो, पण जिना चढत नाही. या थंडीत त्याच्या शेंगा आल्या नाहीत.

माझ्याकडं आता आणखी चार प्रोग्रॅम आलेत, सगळे डिरेक्टरीला जोडायचे. कोणताही हातात आला की मी पहिल्यांदा नाव टाकतो आणि पासवर्डाची जागा मोकळी सोडतो. साहेब ते बघतात.

आणि निडीचे दादा आता आधीची गाडी धरतात. दोनच्या आत गेटवर येतात आणि बाहेरच्या बाकावर तीन वाजेपर्यंत बसून राहतात, डबा मांडीवर घेऊन, उन्हात. खिडकीत आता एक नवा माणूस आहे, तो त्यांना आत या म्हणत नाही. परवा मी तिथून जाताना थांबलो. म्हणालो, "दादा, इतक्या लवकर येऊन बसता?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. खिडकीकडं बघत म्हणाले, "मंग काय करू? रेघ सोडायला आता हाय कोन?"